वेगवान पिकअपला भंगारातले हलके ब्रेक: वजन कॅलिपरमधून काढा, डिस्कमधून नको

1991 साली जनरल मोटर्सच्या जीएमसीने सायक्लोन नावाचा एक छोटा पिकअप बाजारात आणला. 4.3 लिटरचं टर्बो व्ही-सिक्स इंजिन, 280 हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद. पळायला हा पिकअप त्या काळच्या भल्याभल्या स्पोर्ट्स कारना भारी होता. ब्रेक मात्र ज्या साध्या जीएमसी सोनोमा पिकअपवरून (शेव्हरोले एस-टेनचं जुळं भावंड) तो बेतला होता त्याच घराण्यातले: पुढे एका पिस्टनचे लोखंडी कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर घर्षणाचे पॅड दाबणारा चिमटा) आणि डिस्क, मागे ड्रम. अमेरिकेत अशा गाड्या सांभाळणारे म्हणून भंगार यार्डात 1998 ते 2002 मधल्या शेव्हरोले कॅमेरो, पॉन्टिॲक फायरबर्ड किंवा 1997 पासूनच्या सी-फाइव्ह कॉर्व्हेट शोधत फिरतात. या गाड्यांना पुढे दोन पिस्टनचे ॲल्युमिनियमचे कॅलिपर असतात. चाकाला पाच स्टड (नट बसतात ते खुंट), त्यांचं वर्तुळ पावणेपाच इंचाचं, म्हणजे 120.65 मिमी, सायक्लोनचंही तेवढंच. म्हणून डिस्क स्टडवर बसते, आणि पुढच्या सगळ्या कामाला तिथून वाट मिळते.

मी इथे सायक्लोन समोर ठेवून लिहितोय, पण हिशेब आणि कामाचा क्रम कुठल्याही वेगवान पिकअपला लागू पडतो.

आधी हिशेब, मग यार्ड

हलके भाग म्हटलं की लोक सरसकट सगळंच हलकं करायला निघतात, आणि चूक तिथेच होते. कॅलिपरचं काम पॅड दाबायचं. ते ताकदीला पुरेसं असेल तर जितकं हलकं तितकं चांगलं. डिस्कचं काम उष्णता पोटात घ्यायचं, आणि ते ती वजनाच्या जोरावरच करते. माणसासकट 1,700 किलोचा पिकअप ताशी 160 किमीवरून थांबवला तर सुमारे 1,680 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. त्यातली 70 टक्के पुढे धरली तर एकेका पुढच्या डिस्कच्या वाट्याला 590 च्या आसपास येते. डिस्क 8 किलोची असेल तर एका थांबण्यात ती साधारण 160 अंशांनी तापेल, 6 किलोची असेल तर 210 अंशांच्या वर. लगोलग दुसऱ्यांदा तसंच थांबलात तर हा आकडा आधीच्या उष्णतेवर चढतो. म्हणून वजन कमी करायचं ते कॅलिपर, त्याला धरणारा ब्रॅकेट आणि चाकातून. डिस्क आहे तेवढी किंवा जास्तच जड राहू द्या.

एक गोष्ट आधीच कबूल केलेली बरी. मूळ एस-टेनची डिस्क साडेदहा इंचाची, म्हणजे 267 मिमी. कॅमेरोची 302 मिमी आणि 32 मिमी जाड, सी-फाइव्ह कॉर्व्हेटची 325 मिमी. कॅलिपरमध्ये वाचलेलं वजन मोठी डिस्क बरंचसं परत घेते. वर डिस्क फिरणारी, त्यामुळे तिचं वजन परिघाकडे सरकलं की ते जास्त जाणवतं. तरी मी हा सौदा करीन, कारण हाती येते ती तापायची मर्यादा, आणि वेगवान पिकअपला तिचीच सर्वात जास्त गरज असते. पण "मी एवढे किलो वाचवले" असं म्हणायच्या आधी जुना आणि नवा संच, दोन्ही पूर्ण, ब्रॅकेट-बोल्टसकट काट्यावर ठेवा.

आता दाबाचा हिशेब. ब्रेकची पकड ठरते तेलाचा दाब, पिस्टनचं क्षेत्रफळ, पॅडचं घर्षण आणि डिस्कची परिणामी त्रिज्या या चार गोष्टींच्या गुणाकारावर. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतात, तेवढेच मोजायचे. जुना एक पिस्टन 63.5 मिमीचा धरा: 31.7 चौरस सेंमी. नवे दोन, प्रत्येकी 40.5 मिमीचे: मिळून 25.8. म्हणजे तेवढ्याच दाबाला नवं कॅलिपर 19 टक्के कमी जोराने पॅड दाबणार. परिणामी त्रिज्या म्हणजे डिस्कच्या त्रिज्येतून पॅडची निम्मी उंची वजा. पॅड 50 मिमी उंच धरला तर जुनी 108.5 मिमी, कॅमेरोच्या डिस्कवर 126, कॉर्व्हेटच्या डिस्कवर 137.5. गुणाकार केला की कॅमेरोच्या संचाची पकड तेवढ्याच दाबाला जुन्यापेक्षा पाच-सहा टक्के कमी भरते आणि कॉर्व्हेटच्या संचाची तीन टक्के जास्त. थोडक्यात, पकड जवळपास होती तिथेच राहते. पेडल मात्र बदलतं. तेल 19 टक्के कमी लागतं, म्हणून पेडल वर आणि घट्ट लागेल. चांगल्या पॅडने पाच टक्क्यांची भरपाई सहज होते.

तुमची गाडी वेगळी असेल तर हेच गणित तुमच्या मापांनी करा. नव्या पिस्टनचं क्षेत्रफळ जुन्यापेक्षा बरंच जास्त निघालं तर पेडल खोल जाईल आणि मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलखाली तेल ढकलणारा सिलिंडर, घ्यावा लागेल. पुढची पकड आहे तिथेच राहिली तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोलही बिघडत नाही. रिकाम्या हौद्याच्या पिकअपमध्ये हा तोल जिवाशी संबंधित असतो. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते, म्हणून लॉक व्हायची वेळ आलीच तर ती आधी पुढच्या चाकांवर यायला हवी.

चाकाचं माप शेवटी नाही, आत्ताच

कॅमेरो 16 इंची चाकांवर याच ब्रेकसह विकली गेली. सी-फाइव्ह कॉर्व्हेटची पुढची चाकं 17 इंची होती. सायक्लोनच्या 16 इंची चाकांत 302 मिमीची डिस्क मावायची शक्यता चांगली, 325 मिमीसाठी चाकं बदलायची तयारी ठेवा. ॲल्युमिनियमचा ताठपणा लोखंडापेक्षा कमी, म्हणून त्याच्या कॅलिपरचा डिस्कवरून जाणारा पूल जाडजूड बनवावा लागतो. कॅलिपर हलकं असलं तरी जागा जास्त खातं. रिमपासून मोकळं असूनही ते चाकाच्या आऱ्यांना घासू शकतं.

यार्डात काय बघायचं

दोन्ही बाजूंची कॅलिपर एकाच गाडीची घ्या. पुढून ठोकलेल्या गाडीची घेताना त्या कोपऱ्यातलं चाक वाकलेलं आहे का ते आधी पाहा. चाक वाकलं असेल तर ते कॅलिपर सोडून द्या. कॅलिपरसोबत ब्रॅकेट, सरकत्या पिना, त्यांचे बोल्ट आणि होजचा (लवचिक तेलनळीचा) पोकळ बोल्टही काढून आणा. कॅमेरो आणि कॉर्व्हेटच्या कॅलिपरचं अंग जवळपास सारखं, पण ब्रॅकेट वेगवेगळे. तेव्हा कॅमेरोचं कॅलिपर आणि कॉर्व्हेटचा ब्रॅकेट अशी सरमिसळ करायची तर डिस्क ब्रॅकेटच्या मापाची लागते, एवढं ध्यानात ठेवा.

सगळ्यात आधी निपलला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या तोंडाला, हात घाला. स्टीलचं निपल ॲल्युमिनियमच्या अंगात वर्षानुवर्षं बसलं की दोन्ही धातू एकमेकांना धरून गंजतात. सहा कोनी पाना लावा, बारा कोनी नको, आणि आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला टिचका देऊन मग सोडवा. निपल यार्डातच सुटलं तर कॅलिपर घ्या. तुटलं तर दुसरी गाडी शोधा. तुटलेलं निपल ड्रिल करून काढण्यात जितका वेळ जातो तेवढ्यात आणखी दोन गाड्या तपासून होतात.

मग रंग बघा. पॅडच्या बाजूला रंग करपून तपकिरी झालाय, रबरी बूट कडक होऊन तडकलाय, म्हणजे ते कॅलिपर बेदम तापलेलं आहे. पुलाच्या आतल्या कोपऱ्यांवरून नख फिरवून तडा लागतोय का पाहा. आटे पाहा. पिना हाताने सरकतात का पाहा. जाम पिना साफ होतात, पण पिनांचं भोक लांबट झालं असेल तर त्यावर इलाज नाही.

यार्डातली डिस्क घेऊ नका. ती पातळ झालेली असते, आणि डिस्कची कमीत कमी जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती वाचली की बहुतेक वेळा विषय संपतो. डिस्क, पॅड, होज, तांब्याची वॉशर आणि सील हे सगळं नवंच.

कॅलिपर उघडणं

हे काम बाकावर, उजेडात आणि घाई नसताना करायचं. बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवा. जुन्या पॅडची आणि विशेषतः मागच्या ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरलेल्या भागाजवळ वेल्डिंग किंवा ज्योत अजिबात नको, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

पिस्टन काढायला तेलाच्या भोकातून हवा द्यायची, अगदी कमी दाबाने. समोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि बोटं बाहेर. दोन पिस्टन असले की एक आधी सुटतो आणि सगळी हवा तिथून निघून जाते, दुसरा बसूनच राहतो. म्हणून ठोकळ्याची जाडी अशी निवडा की दोन्ही पिस्टन बरोबरीने सरकतील आणि सीलमध्ये थोडे अडकलेले राहतील, तिथून पुढे ते हाताने निघतात.

चौकोनी छेदाचं सील लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने काढा. स्क्रू ड्रायव्हरचा एक ओरखडा खाचेला लागला की ते कॅलिपर गळत राहील. हे सील फक्त तेल अडवत नाही. ब्रेक दाबला की ते पिस्टनसोबत किंचित वाकतं आणि पाय उचलला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं, म्हणूनच पॅड डिस्कपासून सुटतो. खाचेत पांढरी भुकटी किंवा गंज राहिला तर सील पूर्ण बसत नाही, पिस्टन मागे येत नाही, आणि ब्रेक धरून राहतो. "नवे सील टाकले तरी ब्रेक जाम" या तक्रारीचं कारण बहुधा या खाचेतच सापडतं. नायलॉनच्या ब्रशने ती पूर्ण स्वच्छ होईपर्यंत घासा. सील आणि पिस्टन ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून हाताच्या जोराने सरळ आत दाबा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं तर रबर फुगतं. पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा.

ब्रॅकेट

जुनं कॅलिपर थेट नकलला (स्टिअरिंगसोबत वळणारा, चाक धरणारा भाग) बसलेलं असतं, नव्याचा स्वतःचा ब्रॅकेट असतो, आणि दोघांची भोकं जुळत नाहीत. मध्ये जोडपट्टी लागते. तुमच्या गाडीसाठी तयार, वापरून सिद्ध झालेली जोडपट्टी मिळत असेल तर तीच घ्या. स्वतः बनवायची तर मशीनिंग येणाऱ्या माणसाकडून, नीट मापं देऊन. नकल ओतीव असतं, त्याला वेल्डिंग करायचं नाही.

डिस्क हबवर (स्टड असलेल्या चाकाच्या गाभ्यावर) पूर्ण टेकवा, दोन-तीन नटांनी घट्ट करा. हबच्या तोंडावरचा गंज आधी काढा, नाहीतर डिस्क डुलेल. डिस्कचं मधलं भोक हबवर चपखल बसतंय ना ते व्हर्निअरने मोजा; काही गाड्यांत, उदाहरणार्थ दोन चाकांना ताकद असलेल्या एस-टेनमध्ये, हब आणि डिस्क एकाच ओतकामात असतात, तिथे गोष्ट इथेच अवघड होते. आता कॅलिपर पॅडसकट डिस्कवर हाताने धरा आणि पुठ्ठ्याचा साचा कापा. दोन मापं बरोबर यायला हवीत. पॅडची वरची कड डिस्कच्या कडेशी सपाट किंवा मिलिमीटरभर आत; बाहेर आली तर पॅडला ओठ तयार होतो. आणि ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंच्या मध्यावर डिस्क. हे माप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) दोन्हीकडून घ्या. फरक भरायला एकावर एक वॉशर रचू नका, योग्य जाडीची एकच मशीन केलेली चकती वापरा.

बोल्ट 10.9 दर्जाचे. आटे स्टीलमध्ये असतील तर बोल्टच्या व्यासाइतकी पकड, ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट. टॉर्क पाना वापरा, आकडे त्या त्या भागाच्या मॅन्युअलमधले, आणि घट्ट झालेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ ओढा. ती रेघ पुढे उपयोगी पडणार आहे.

होज

होजच्या पोकळ बोल्टचे आटे एम10 चे असले तरी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.0 आणि 1.5 मिमी असे दोन असतात, आणि डोळ्यांना सारखेच दिसतात. पहिले चार फेरे बोटांनी फिरले नाहीत तर बोल्ट चुकीचा आहे, पाना लावू नका. ॲल्युमिनियमचे आटे मरायला अर्धा फेरा पुरतो. दोन्ही बाजूंना नवी तांब्याची वॉशर. होज लावल्यावर चाक लटकलेलं ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मग सस्पेन्शन जॅकने वर दाबून पुन्हा फिरवा. होज कुठेही ताणला, पिळला किंवा टायरला लागला तर लांबी किंवा क्लिपची जागा बदला. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची तारही याच वेळी बघून घ्या.

मागे ड्रम ठेवायचे की डिस्क?

माझं मत, आधी पुढचं काम करून गाडी चालवा. ड्रम हलके असतात, रिकाम्या पिकअपला मागे फारसं काम नसतं, आणि सायक्लोनच्या हौद्याची मर्यादा तशीही 500 पौंडांचीच होती. तरी मागे डिस्क घालायचीच असेल तर तीन गोष्टी. ड्रमच्या लाइनमध्ये दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर तो काढावा लागतो, नाहीतर मागचे पॅड कायम घासत राहतात. मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, म्हणजे मागचा दाब कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह, लागतो. आणि हँडब्रेक. 1998 ते 2002 च्या कॅमेरोत तो मागच्या डिस्कच्या टोपीत छोट्या ड्रमच्या रूपात असतो, त्यामुळे तो भाग आणि केबल पूर्ण आणली नाही तर गाडी उतारावर उभी करता येणार नाही.

तेल भरणं, हवा काढणं

नव्या सीलबंद डब्यातलं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल वापरा. ताजं असताना त्याचा उत्कलनांक किमान 230 अंश, पाणी शोषल्यावर किमान 155. डॉट 3 चे हेच आकडे 205 आणि 140. सिलिकॉनचं डॉट 5 यात मिसळत नाही. रंगावर सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवा.

कॅलिपर बसवल्यावर निपल सर्वात वर आलंय ना पाहा. डावं-उजवं अदलाबदल झालं तर निपल खाली येतं आणि हवा कितीही काढली तरी वर अडकून राहते, पेडल मऊच. हवा काढायचा क्रम सहसा मास्टर सिलिंडरपासून दूरच्या चाकाकडून जवळच्याकडे. एबीएसच्या गाडीत मॅन्युअलने वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. कुणालातरी पेडलवर बसवा: ते दाबून "धरलं" म्हणतील तेव्हाच निपल उघडायचं, आणि बंद केल्यावरच पाय उचलायचा. टाकी मध्येच रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

पिस्टन मागे ढकललेले असतात, म्हणून पहिल्या काही दाबांना पेडल तळाला जाणारच. गाडी जागेवर उभी असताना पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. मग इंजिन चालू करून पूर्ण जोराने अर्धा मिनिट दाबून ठेवा. पेडल हळूहळू खचत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडर आतून सोडतोय. टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाला कोरडं टिश्यू लावून पाहा, बारीक गळती डोळ्यांआधी कागदावर उमटते.

चाक चढवायच्या आधी कॅलिपरच्या पाठीवर मातीचा किंवा क्लेचा पातळ थर लावा, चाक घट्ट करा, हाताने एक फेरा फिरवा, काढा आणि माती कापून उरलेली जाडी मोजा. 3 मिमीपेक्षा कमी उरली तर ती जागा अपुरी. रिमच्या आत चिकटवलेली बॅलन्सची वजनंही याच फेऱ्यात कळतात.

रस्त्यावर

पहिली चाचणी रिकाम्या, खासगी जागेत, चालण्याच्या वेगाने. गाडी एका बाजूला ओढत नाही आणि ब्रेक सोडल्यावर चाकं मोकळी फिरतात हे कळल्यावरच पुढे. मग पॅड बसवायचे: ताशी 60 किमीवरून 15 पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, थोडं अंतर चालवा, पुन्हा करा. असं आठ-दहा वेळा, आणि शेवटी ब्रेक न लावता दहा मिनिटं चालवून गार करा. तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलात तर पॅडचा थर एका जागी डिस्कला चिकटतो आणि पेडल थरथरायला लागतं. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच वापरा.

घरी आल्यावर चारही चाकांच्या डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. दोन पुढच्यांत ठळक फरक असेल तर बहुधा जास्त तापलेल्या बाजूचा पिस्टन किंवा पिन धरतेय. मग हौदा रिकामा ठेवून, ओल्या आणि मोकळ्या जागी, कमी वेगाने जोरात ब्रेक मारून बघा. एबीएस चालू असेल तर कुठलंच चाक पूर्ण लॉक होणार नाही, पण मागचा भाग सरकायला बघतोय का ते बसल्या जागी कळतं. सरकत असेल तर मागचा दाब कमी केल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर काढू नका.

शंभरएक किलोमीटरनंतर चाकं काढून बोल्टवरच्या रंगाच्या रेघा बघा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. तो नुसता घट्ट करू नका, काढून आटे आणि टेकायची जागा तपासा. एका कार्डावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवा: कॅलिपर कुठल्या गाडीचं, कुठल्या वर्षाचं, डिस्क कुठली, पॅड कुठले. पुढच्या वेळी पॅड बदलणारा मेकॅनिक गाडीच्या नावाने पॅड मागवेल आणि ते बसणार नाहीत. आणि स्टेपनी खाली उतरवून पुढच्या दोन्ही चाकांच्या जागी एकदा चढवून पाहा. ती मूळ, लहान डिस्कच्या मापाची असते. नव्या कॅलिपरवरून ती जात नसेल तर दुसरी शोधा, तोवर लांबच्या प्रवासाला हा पिकअप नेऊ नका.